मुठीचं माप

हत्यारं पुतण्याला देऊन टाकायचं मिस्त्रींनी ठरवलं, तेव्हा बायकोने त्यांना अडवलं नाही. आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली होती. लाकूड कोरायची पटाशी दोनदा हातातून निसटली आणि त्यांनी घरामागच्या कामाच्या खोलीला कुलूप घातलं. आज पुतण्या गाडी घेऊन येणार होता. हत्यारं गेली की हा माणूस खिडकीत बसून नुसता झिजणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण समजावायला जावं तर ते आणखी हटून बसत.

ती एका शब्दकोशाचं काम करत होती. सध्या शेवटी ‘सम’ असलेले इंग्रजी शब्द चालले होते. मिस्त्री समोर चहा पीत बसले होते.

“‘बक्सम’,” ती म्हणाली. “आता भरल्या अंगाच्या बाईला म्हणतात. पूर्वीचा अर्थ, वाकवू तसा वाकणारा. आज्ञाधारक.”

“म्हणजे आपल्या घरात बिनकामाचा शब्द.”

“तुमच्याकडे बघून मीही तेच म्हणणार होते. पुढचा ‘हँडसम’.”

“तो ठाऊक आहे. लग्नात तुझी मावशी मला म्हणाली होती.”

“मावशीला मोतीबिंदू होता. मूळ अर्थात चेहऱ्याचा काही संबंध नाही. हाताळायला सोपं, हाताला नीट बसणारं, असा आहे तो.”

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. “कुणाच्या हाताला?”

“कुणाच्याही.”

“असं लिहू नकोस, लोक हसतील. सगळ्यांच्या हाताला बसणारी मूठ कुणी बनवलेली नाही अजून. दुकानातली मूठ सगळ्यांनाच थोडी थोडी टोचते. चल, दाखवतो.”

त्यांनी कुलूप काढलं. कोपऱ्यातल्या डब्यातली माती सुकली होती, ती पाणी घालून मळली. गिऱ्हाइकाने हा गोळा एकदा मुठीत आवळायचा आणि त्या ठशावरून त्याच्या हत्याराची लाकडी मूठ घडवायची, ही त्यांची जन्मभराची रीत. तिने गोळा आवळला. “बघ, तुझी करंगळी कामच करत नाही,” ते म्हणाले. “आयतखाऊ. तुझ्या मुठीला मागे फुगवटा लागेल.” मग फरक दाखवायला त्यांनी स्वतःची जुनी पटाशी उचलली. ती निसटून फरशीवर पडली.

 बायकोने गोळा पुन्हा मळून गोल केला आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

“हे तू ठरवून केलंस.”

“शब्द ओघात आला. गोळा मात्र ठरवून ठेवलाय.”

 मग त्यांनी गोळा उचलला आणि आवळला. अंगठा आणि पहिलं बोट खोल रुतलं होतं, बाकीच्यांच्या नुसत्या खुणा. त्यांनी ठसा उजेडाकडे फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिने कित्येक दिवसांनी तो गिऱ्हाइकाला जोखायचा भाव पाहिला.

“अवघड गिऱ्हाईक आहे,” ते म्हणाले. “मूठ दुप्पट जाड लागेल. अंगठ्याला खाच. घासायचं नाही, खरखरीतच ठेवायचं.”

बाहेर गाडी थांबली. “काका, सगळं बांधून ठेवलंय ना?” पुतण्याने दारातूनच विचारलं.

“मोठा रंधा ने. करवतीही ने,” मिस्त्री म्हणाले. “पटाश्या इथेच राहतील. आणि आधी आत ये. मला एक लाकूड कापून हवंय, आज माझ्याने नीट कापलं जाणार नाही.”

पुतण्याने काकूकडे पाहिलं. ती ओल्या मातीचे हात धुवायला निघाली होती.