बाभळीचा फासा आणि मनकर्णेची होडी

मित्रांनो, मी बाभळीचा फासा. जुना आहे, एका कोपऱ्यावर घासलेला आहे, आणि स्वभावानं थोडा तिरसट आहे. बाभळीचं लाकूडच तसं. मला तासताना श्रीमंत नावाच्या सुतारानं रंध्याला दोन आणि मला चार शिव्या घातल्या होत्या. मोडक्या बैलगाडीच्या जुवाचा तुकडा होतो मी. त्यानं मला सहा बाजू दिल्या, तापलेल्या दाभणानं ठिपके डागले आणि म्हणाला, "घे पोरी, हा तुझ्या नातवंडांना पुरंल."

ती पोरगी म्हणजे कोल्हारची यशोधरा. नववीत होती. किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुण्याला मामाकडे गेली होती, आणि तिथं मामेभावाच्या कॉलेजातल्या मुलांकडून तिनं एक नवाच खेळ आणला. त्याला ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. दरी आली, तर उडी मारायची की वळसा घालायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उडी जमली का, हे मात्र माझ्यावर. मोठा आकडा पडला तर पार, छोटा पडला तर आपटी. यशोधरा त्याला गोष्टखेळ म्हणायची. गोष्ट तीच सांगायची, आणि काय सांगायची! विहाराच्या ओसरीवर दर रविवारी बैठक बसायची आणि मी त्या फरशीवर असा काही गडगडायचो की विचारू नका. त्या वर्षी माझा भाव भलताच वधारला होता.

खेळायला तिघं. यशोधरेचा धाकटा भाऊ पंकज गोष्टीतला लढवय्या. त्याला राक्षस पाहिजे, तलवार पाहिजे, आणि लगेच पाहिजे. शेजारची सायली व्यापारीण. तिला बोलायला पाहिजे. ती राक्षसाशीसुद्धा घासाघीस करायची. आणि तिसरी मनकर्णा, यशोधरेच्या वर्गातली. तिचे आईबाप पाथर्डीकडचे, दसऱ्याला ऊसतोडीला जायचे ते पार उन्हाळ्यात माघारी यायचे. शाळा बुडू नये म्हणून ही विजयमाला मावशीकडे कोल्हारला राहायची.

मनकर्णा गोष्टीत होडीवाली झाली होती. नदी ओलांडून सगळ्यांना डोंगराच्या काठाला सोडायचं, एवढंच तिचं काम. पुढं काय करतेस, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"मी होडी धरून थांबते."

आता पंकज आणि सायलीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सायली राक्षसाशी बोलायला लागली की पंकज जांभया द्यायचा. पंकजची लढाई सुरू झाली की सायली ओसरीखालच्या मुंग्या मोजायची. "तायडे, हिचा बाजार आटपव, न्हाईतर मी चाललो क्रिकेटला," पंकज म्हणायचा. "जा की, कुणी धरलंय!" सायली म्हणायची. यशोधरेला वाटायचं, खेळ मोडला तर? एवढी जमलेली मंडळी पांगली तर? पण तिला जास्त काळजी होती मनकर्णेची. हे दोघं निदान भांडत तरी होते. ती काहीच मागत नव्हती. बिचारीला काहीच मजा येत नसणार, असं यशोधरेनं मनाशी धरलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

यशोधरेचे वडील भीमराज कॅनॉलवर पाटकरी होते. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी, हे ठरवणं त्यांचं काम. पाण्याची पाळी सुरू झाली की घरी जेवतानासुद्धा तेच चालायचं. "पाळी म्हंजे पाळी," ते म्हणायचे. "घड्याळ झालं की दार खाली. मग त्यो सरपंच असू दे न्हाईतर माझा मेव्हणा." ते ऐकून यशोधरेला एकदम सुचलं. पुढच्या रविवारी ती घरातलं गजराचं घड्याळ घेऊन ओसरीवर आली.

"आजपासून पाळी," तिनं सांगितलं. "प्रत्येकाला सारखा वेळ. घड्याळ वाजलं की पुढचा. भांडण नाही."

पंकजची तलवार राक्षसाच्या मानेवर होती आणि घड्याळ खणखणलं. तलवार तशीच राहिली. सायलीचा सौदा अगदी रंगात आला आणि पुन्हा घड्याळ. दोघांचीही तोंडं वाकडी झाली. मग आली मनकर्णेची पाळी.

"मी होडी धरून थांबते," ती म्हणाली.

घड्याळ टिकटिक करत राहिलं. तिची पाळी संपता संपेना.

"थांबणं हा काय खेळ हाय व्हय?" पंकज म्हणाला.

"अगं, काहीतरी कर ना," यशोधरा म्हणाली. "तुझाच वेळ आहे हा." मनकर्णा होडीपाशीच. तेव्हा यशोधरेनं, केवळ तिला मजा यावी म्हणून, नदीला पूर आणला. "लोंढा आलाय! दोर तुटायला लागलाय! टाक फासा, मनकर्णा, टाक!"

मनकर्णेनं मला उचललं. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. मला हातात धरून ती नुसती बसून राहिली. "टाक की!" सगळे ओरडले, आणि तिनं मला सोडलं. मित्रांनो, फासा बेईमान नसतो. तो पडतो तसा पडतो. मी एकावर पडलो.

"होडी गेली वाहून!" पंकज हसला. मनकर्णा उठली, चपला हातात घेतल्या आणि निघून गेली. घड्याळ तिच्या पाठीमागं वाजलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यशोधरेनं गोष्ट ओढून पाहिली, पण पंकज आणि सायली डोंगरातून नदीकाठी आले, तर तिथं कुणीच नव्हतं. "आता पलीकडं कसं जायचं?" सायलीनं विचारलं. राक्षस मेला होता, सौदा झाला होता, आणि तरी दोघं काठावर तोंड पाडून बसले. पंकज त्या दिवशी क्रिकेटला गेला.

शेवटी यशोधरा मला फ्रॉकच्या खिशात घालून विजयमाला मावशीच्या घरी गेली. मनकर्णा परसात राखेनं भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"रागावलीस?"

"न्हाई."

"मग येत का नाहीस? मी तुला मजा यावी म्हणूनच..."

"मला येत हुती की मजा." मनकर्णेनं तवा आपटला. "तुमी डोंगरात जायचे, लढायचे, भांडायचे. मी आपली ऐकत बसायची. मंग माघारी आले की तुमी काठावरून हाक मारायचे, ए होडीवाले! मी म्हनायची, आले. तेवढंच मला लई आवडायचं."

"तेवढंच?"

"आई-बा दसऱ्याला जात्यात. कवा येतील, मला कुनी सांगत न्हाई. तुमी दर आइतवारी येत हुते." ती पुन्हा राख घ्यायला वळली. "तू माझी होडीच बुडवली."

यशोधरेला रडू फुटलं. ती तिथंच चुलीच्या लाकडांवर बसली आणि रडली. परतताना वाटेत हरभऱ्याचं रान लागलं. पलीकडं ऊस डुलत होता. कॅनॉलवरच्या माणसाची पोर ती! उसाइतकं पाणी हरभऱ्याला दिलं तर तो पिवळा पडून मरतो, हे तिला दुसरीत असल्यापासून ठाऊक होतं. आणि तरी तिनं सगळ्यांना सारखंच घड्याळ लावलं होतं. ती स्वतःवरच इतकी चिडली की खिशात मला करकचून आवळलं.

त्या रविवारी घड्याळ घरी राहिलं, आणि यशोधरा मनकर्णेला हाताला धरून घेऊन आली. यशोधरेनं आधी पंकजला विचारलं, मग सायलीला, की तुला नेमकं काय आवडतं. दोघंही चक्रावले. असं कुणी विचारलंच नव्हतं. मग तिनं असा राक्षस आणला की सायलीनं त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि पंकजनं मागून वार करायचा. भांडायला त्यांना वेळच मिळाला नाही. आणि होडी? ती नदीच्या खालच्या अंगाला, वडाच्या मुळाला अडकून सापडली. डोंगरातून परत आल्यावर पंकजनंच दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"ए होडीवाले!"

मनकर्णा ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. तिचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत आला. "आले!"

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं. पण सुखाला दृष्ट लागते म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात मनकर्णेच्या आईचा हात मोडला, आणि तो नीट बसलाच नाही. ऊसतोडीत जोडी लागते, एक तोडायला आणि एक मोळ्या बांधायला. दसरा आला तसा बाप तिला न्यायला आला. विजयमाला मावशी खूप भांडली. "पोरीची शाळा हाय, दाजी!" बाप खाली बघत म्हणाला, "मला का कळत न्हाई? पन मुकादमाकडून पैशाची उचल घेतलीय. एवढा एक पट्टा."

कोल्हारच्या फाट्यावर ट्रक उभा होता. यशोधरा पळत आली आणि तिनं मला मनकर्णेच्या मुठीत कोंबलं.

"अगं, ह्यो मला कशाला? तुमी कशानं खेळनार?"

"नाहीच खेळणार. फाशाशिवाय गोष्ट पुढं जात नाही. तू येईपर्यंत ती तिथंच." यशोधरेनं तिची मूठ मिटवली. "या वेळी तू पलीकडं चाललीस. आम्ही होडी धरून थांबतो."

एका पट्ट्याचे, म्हणजे तोडीच्या एका हंगामाचे, दोन झाले. मग तिचं लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर नवा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवी जोडी. कोल्हारची वाट तिला पुन्हा मिळाली नाही. मी पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या शालूखाली पडून आहे. दर साली पेटी उचलली जाते, नव्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात ठेवली जाते. कधीकधी ती मला बाहेर काढते, मुठीत धरते. टाकत मात्र नाही. पुन्हा एक पडेल, अशी भीती तिला वाटत असावी.

मित्रांनो, तुम्हीही खेळत असाल. गप्प बसलेल्याला ढकलू नका आणि विसरूही नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला यात काय आवडतं. लाकडाला तोंड नाही, नाहीतर मी त्या दिवशी ओसरीवरच ओरडलो असतो.

आणि एक काम करा. तुमच्यापैकी कुणी कोल्हारकडं गेलंच, तर यशोधरेला शोधा. तिला म्हणावं, फासा शाबूत आहे, मनकर्णाही आहे. हाक मारायला तिला जरा उशीर होतोय. होडी सोडू नकोस.