नसलेली मांजर

गावात वकील तीन-चार होते, पण 'पत्रवाले वकील' म्हटलं की बोट एकाच दाराकडे जायचं. कोर्टाची पायरी चढण्याआधी हे गृहस्थ प्रतिपक्षाला पत्र धाडायचे, उत्तर आलं की दुसरं धाडायचे, आणि बहुतेक भांडखोर वाचूनवाचूनच कंटाळून तडजोडीला यायचे. "पाय झिजवायचे ते पोस्टमननं," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची, ही दुसरी शिस्त. पत्र अशिलाचं असो की मेहुण्याचं, ते ओल्या पातळ कागदासकट लोखंडी दाबयंत्रात जायचं, कारकून चाक फिरवायचा आणि नक्कल दोऱ्यात ओवली जायची. बायको माहेरी असताना तिला लिहिलेल्या पत्रांच्याही नकला निघाल्या होत्या. ते तिला कळलं तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता.

लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावई शहरातल्या एका मोठ्या पेढीत पत्रव्यवहार खात्याचा हेडक्लार्क. "मुलगा उलट टपाली उत्तर देतो," एवढ्यावर सासरेबुवा खूश झाले आणि पुढची चौकशी करायची राहून गेली. जगाला अक्कल विकणारी माणसं घरच्या कामी अशीच गाफील असतात!

सुरुवातीला लेकीची पत्रं तिच्यासारखीच यायची. शेवटापासून सुरू होणारी, मध्येच "अगं हो, सांगायचं राहिलंच" म्हणणारी, समासातसुद्धा आडवीतिडवी लिहिलेली. मग ती सरळ झाली. अक्षर तिचंच, पण आईच्या गुडघ्यानंतर बाबांचा खोकला, खोकल्यानंतर शेजारणीचं बाळंतपण. इकडून ज्या क्रमानं लिहावं, त्याच क्रमानं उत्तर. आणि शेवटी, "मी सुखात आहे. भेटीस येण्याची तसदी घेऊ नये."

"किती नीटनेटकं लिहायला लागलीय," आई म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली.

वकिलांनी पत्र पुन्हा वाचलं. पढवलेले साक्षीदार त्यांनी उभ्या हयातीत पुष्कळ पाहिले होते. असा साक्षीदार अडखळत नाही, विषय सोडत नाही, आणि कुणी विचारलेलं नसताना आपण सुखात असल्याचं सांगतो.

अशा साक्षीदाराला एकच औषध. जी गोष्ट नाहीच, ती आहे असं धरून प्रश्न टाकायचा. त्यांनी नेहमीसारखं पत्र लिहिलं, गुडघा, खोकला, हवापाणी, आणि मधेच एक ओळ: "तुझी मांजर आता बरीच लठ्ठ झाली आहे."

पत्रं वाचायची नाहीत असा नियम असल्यामुळे कारकून ती सगळी वाचायचा. त्याचा हात चाकावरच थांबला.

"साहेब, ताईंना तर मांजर दिसली की शिंकांवर शिंका येतात. आपल्याकडे मांजर होती कधी?"

"चाक फिरवा," वकील म्हणाले.

उत्तर उलट टपाली आलं. गुडघ्याला शेक द्यावा. खोकल्याची हयगय करू नये. आणि मग, "माझ्या मांजरीस वेळेवर दूध पाजावे. तिची फार आठवण येते."

जावयाची पेढीतली सवय आडवी आली होती. आलेल्या पत्रातला एकही मुद्दा उत्तराविना सोडायचा नाही!

"मांजर? कुठली मेली मांजर?" आईला आधी काही उमजेना. मग तिनं पत्र ओढून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे आपली पत्रं पोरीला वाचूही देत नाहीत?"

"तो सांगतो, ती लिहिते."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. "नोटीस धाडायची ना, साहेब? अशी कडक लिहू की..."

"दौत बंद करा. उद्याच्या कामांना पुढच्या तारखा मागून घ्या." वकील उठले. "स्थळ मी पसंत केलं. आणायला मीच जाणार."

"एकटे नाही जायचं," बायको म्हणाली. "पोर माझीही आहे."

दारात त्यांना पाहून जावई गोंधळला, पण हसला. "आधी पत्र तरी टाकायचं होतंत. तिला बरं नाहीये, कुणाला भेटत नाही ती."

वकील ओसरीवरच बसले. "जावईबापू, कोर्टात दिवसचे दिवस बसून माझी हाडं पक्की झालीत. तिनं स्वतःच्या तोंडानं 'राहते' म्हणावं, आम्ही आल्या पावली परत जातो. तोवर हलत नाही."

शेजारच्या खिडक्या उघडायला लागल्या. रस्त्यावरची माणसं थबकली. चारचौघांत शोभा नको म्हणून जावयानं शेवटी आतल्या खोलीची कडी काढली.

लेक बाहेर आली. निम्मी झाली होती.

"सांग त्यांना," जावई म्हणाला, "तू सुखात आहेस म्हणून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती वळून आत गेली. आईचा जीव कासावीस झाला. वकील जागचे हलले नाहीत. ती परत आली तेव्हा तिच्या काखेत बोचकं होतं. घट्ट, दोन गाठी मारलेलं.

"इतक्यात कधी बांधलंस गं?" आईनं विचारलं.

"इतक्यात नाही, आई. हे सांगत होते, मी लिहीत होते. 'मांजरीस दूध पाजावे' म्हणाले, तेव्हाच कळलं, बाबांनी मला विचारलंय. मांजर नाहीये, हे मी यांना सांगितलंच नाही. गपचूप लिहिलं, आणि हे टपाल टाकायला गेले तेवढ्यात बोचकं बांधून ठेवलं."

वकिलांनी लेकीच्या काखेतलं बोचकं घेऊन आपल्या खांद्यावर टाकलं आणि ते स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले.