विदेशी शिक्षक

"लिंडाताई, आज तेवढं मागच्या खोलीत बसा हं," फुग्याला गाठ मारता मारता दिएप म्हणाली. "झेरॉक्सचं कामही बरंच पडलंय."

लिंडा फळ्यावर फळांची चित्रं चिकटवत होती. तिनं चिकटपट्टी दातानं तोडली. "मागच्या खोलीत कशाला? पालकांसमोरचा वर्ग दर वर्षी मीच घेते ना?"

"या वर्षी मारेक घेईल."

"त्याला काय येतं?"

"त्याला उभं राहता येतं," दिएप म्हणाली. आपल्याच बोलण्याचं तिला हसू आलं. लिंडाला आलं नाही, तशी तिनं ते आवरलं. मग फुगा बाजूला ठेवून जवळ आली. "माझ्यावर रागावू नका. समोरच्या शाळेनं दोन-दोन गोरे आणून ठेवलेत. पालक आधी भिंतीवरचे फोटो बघतात, मग फी विचारतात. तुम्ही कशा शिकवता ते मला माहीत नाही का? पण त्यांना डोळ्यांना दिसायला नको?"

"मी दिसत नाही?"

"तुम्ही दिसता हो. पण आमच्यासारख्याच दिसता."

लिंडा, म्हणजे एर्लिंडा माग्बानुआ, फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिथं ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दोन वर्षं परदेशात काढू, घरावर पक्कं छप्पर घालू आणि परत येऊ, असं ठरवून एकोणचाळिसाव्या वर्षी ती व्हिएतनाममधल्या न्हा त्रांगला आली. नऊ वर्षांच्या जेरिकला तिनं आपल्या आईकडे ठेवलं होतं. दिएपची ही इंग्रजीची शाळा तेव्हा तिच्या वडिलांच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या गॅरेजात भरायची. प्लॅस्टिकची अकरा स्टुलं, अकरा मुलं, आणि वह्यांनाही ऑइलचा वास. छप्पर दुसऱ्याच वर्षी झालं. मग जेरिकची शाळा, मग आईचं आजारपण, मग जेरिकचं कॉलेज. त्या छपराखाली आता तिचा भाऊ राहत होता. आई गेली होती. जेरिक दुबईच्या एका हॉटेलात कामाला होता, आणि त्याची मुलगी फोनवर दिसली की लिंडाला म्हणायची, "हॅलो, मॅडम."

सतरा वर्षं झाली होती. बाजारात मासळीवाली तिला भाव सांगताना आता फसवत नसे. घरमालकीण नव्या वर्षाला तिच्या दाराशी पिवळ्या फुलांची कुंडी आणून ठेवायची. आणि दर वर्षी पोलीस चौकीतला माणूस तिचं नाव विदेशींच्या वहीत उतरवून घ्यायचा. त्याच्या मुलाला तिनं शिकवलं होतं, तरी स्पेलिंग तो दर वर्षी विचारायचा.

"आणखी एक," दिएप म्हणाली. ती आता लिंडाकडे न बघता खुर्च्या सरळ करत होती. "उद्यापासून कागदोपत्री तुम्ही मारेकच्या मदतनीस. नुसतं कागदोपत्री हो. शिकवायचं तुम्हीच."

"आणि तो काय करणार?"

"तो असेल."

"मी नाही म्हटलं तर?"

दिएपनं आणखी एक खुर्ची सरळ केली. उत्तर द्यायची गरजच नव्हती. लिंडाचा कामाचा परवाना शाळेच्या नावावर होता. शाळा सोडली तर महिन्याभरात देश सोडावा लागणार. छप्पन्न वर्षांच्या बाईला दुसरी कुठली शाळा घेणार होती?

"गॅरेजात पावसाचं पाणी शिरायचं तेव्हा मुलांना टेबलावर उभं करून शिकवलंय मी," लिंडा म्हणाली. "तेव्हा तू मला कागदोपत्री काय म्हणायचीस?"

"ताई, पालक येतील इतक्यात," दिएप हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरून आलेले होते, आणि त्याचाच लिंडाला जास्त राग आला.

ती मागच्या खोलीत जाऊन बसली.

मारेक चोवीस वर्षांचा होता. चेक देशातून तो समुद्रात बुड्या मारायला आला होता आणि पैसे संपत आल्यावर या शाळेत नोकरीला राहिला होता. उंच, सोनेरी केसांचा, नाकाची सालं निघालेली. पोरगा वाईट नव्हता. गेले दोन आठवडे लिंडाच त्याच्याकडून आजचा धडा घोटून घेत होती. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कुठल्या चित्राला कुठला प्रश्न विचारायचा, सगळं तिनं कागदावर लिहून दिलं होतं.

भिंत पातळ होती. झेरॉक्सचं यंत्र चालू असूनही तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मारेकनं आंबा दाखवला, मुलं ओरडली. कलिंगड दाखवलं, मुलं ओरडली. मग कागदावर नसलेलं एक वाक्य त्यानं उत्साहाच्या भरात आपल्या मनानं जोडलं, आणि 'चिल्ड्रन'च्या जागी 'चाइल्ड्स' म्हणाला. एकदा नाही, दोनदा.

लिंडानं यंत्र बंद केलं. कुणीतरी हसेल म्हणून ती कान देऊन बसली. चाळीस पालक होते. त्यातले निम्मे तरी हॉटेलांत काम करणारे, दिवसभर इंग्रजी बोलणारे. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलं एका सुरात म्हणाली, "चाइल्ड्स!"

वर्ग संपल्यावर मारेक पाणी प्यायला मागं आला. शर्ट घामानं भिजला होता. "मिस लिंडा, बरं झालं का?"

"मुलांना आवडलास."

त्यानं बाटली खाली ठेवली. "हे काही बरोबर नाही. ती तुमची जागा आहे. मला कळतं."

"मग दिएपला सांग तसं."

तो बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "मला हिवाळ्यापर्यंत इथं राहायचंय," शेवटी तो म्हणाला, आणि बाहेर पालक फोटोसाठी हाका मारत होते तिकडे निघून गेला.

थोड्या वेळानं दिएपनं दारातून डोकं आत घातलं. "ताई, अर्ज भरून घ्यायला या ना, मला एकटीला आवरत नाहीये."

लिंडा दाराजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. तिनं सात-आठ अर्ज भरून घेतले. एवढ्यात एक हात तिच्या खांद्यावर पडला, आणि कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "मिस लिंडा! तुम्ही अजून इथंच?"

त्राम होती ती. त्या अकरा स्टुलांपैकी दुसऱ्या रांगेतली. शब्दाच्या शेवटचा 'स' तिला काही केल्या जमत नसे. तिच्या ओठांपुढं कागदाची पट्टी धरून लिंडा तिला म्हणायला लावायची. पट्टी हलली की 'स' आला, नाही हलली तर पुन्हा. एक अख्खा उन्हाळा गेला होता त्यात. आता त्राम किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षाची प्रमुख होती. पाच वर्षांची मुलगी तिच्या पदराला धरावं तशी तिच्या पिशवीला लोंबकळत होती.

त्राम बोलत सुटली. हॉटेल, नवरा, कोरियाहून येणारी गिऱ्हाइकं. इंग्रजी अगदी झुळझुळीत. ऐकता ऐकता लिंडाच्या लक्षात आलं की वाक्याच्या शेवटी सूर वर नेऊन हळूच खाली ठेवायची ही लकब इलोइलोची आहे. लिंडाच्या आईची. ही मुलगी रोज शेकडो परक्या माणसांशी तिच्या आईच्या सुरात बोलत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"मुलीला घालायचंय ना?" लिंडानं अर्ज पुढं ओढला. तिला एकदम बरं वाटायला लागलं होतं. "माझा सकाळचा वर्ग आहे, त्यात—"

त्राम जरा पुढं वाकली. आता ती व्हिएतनामीत बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तशी. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर आमच्यातल्याच. तिला त्या विदेशी सरांच्या वर्गात मिळेल का बघा ना. तुम्ही सांगितलंत तर दिएपबाई नाही म्हणणार नाहीत."

लिंडाचं पेन अर्जावरच थांबलं.

"मीही विदेशीच आहे, त्राम. पोलीस चौकीत विचार जाऊन."

"अहो, तसं नाही हो!" त्रामनं तिचा दंड दाबला. "म्हणजे, खऱ्या इंग्रजीची लहानपणापासून सवय लागावी एवढंच. आमच्या वेळी कुठं होतं असलं काही? इंग्रजच आहेत ना ते सर?"

दिएप पलीकडे दुसऱ्या पालकांशी बोलत होती, पण तिचं लक्ष इकडे होतं. लिंडाला ते दिसलं. तिनं आवाज मुळीच कमी केला नाही.

"चेक आहे तो. त्याला इंग्रजी मी शिकवते."

त्रामनं एकदा मारेककडे बघितलं. मग खळखळून हसली. "बाई, तुमचा थट्टेचा स्वभाव काही जात नाही! गॅरेजातही असंच हसवायचात आम्हाला."

दिएपनं सुटकेचा श्वास टाकला आणि तीही हसायला लागली. जवळच्या दोन बाया, काय झालं ते न कळताही, हसल्या. लिंडानं अर्जाचा कागद वळवून त्रामपुढं ठेवला. "इथं नाव. इथं सही."

त्रामनं सही केली. तेवढ्यात मारेकभोवतीची गर्दी जरा पांगलेली पाहून ती फोन काढत म्हणाली, "एक मिनिट हं, मी फोटोचं विचारून येते. हिला तेवढे सँडल घालाल?"

मुलगी दारातल्या पायरीवर बसली होती. लिंडा तिच्यापुढं खाली बसली. गुडघा दुखला, पण बसली. सँडलचा पट्टा ताठ होता.

मुलगी तिच्या तोंडाकडं निरखून बघत होती. "बाई, तुम्ही आमच्यासारखं नाही बोलत. तुम्ही ह्यू शहरातल्या का?"

"नाही."

"मग कुठल्या?"

"इलोइलो."

मुलीनं जरा विचार केला. "ते फू येनच्या पुढं आहे?"

"हो. बरंच पुढं."

"फू येनला माझी आजी असते. तिकडे बस जाते. तुमच्या गावाला जाते?"

"नाही. बस नाही जात."

"मग तुम्ही घरी कशा जाता?"

लिंडानं पट्टा ओढून बसवला आणि तिचा पाय अलगद खाली ठेवला.

"दुसरा पाय दे," ती म्हणाली.