कोपेपॉडांचा प्रदोष

उद्या संध्याकाळी सान्यालसर घरी येणार होते, आणि त्यांच्या विद्यार्थिनीने, कादंबरीने, पाळलेले प्राणी काही केल्या वर यायला तयार नव्हते.

सरांच्या समुद्रावर निघणाऱ्या सर्वेक्षणाच्या बोटीत एकच जागा उरली होती. अंधारताना हे प्राणी पाण्याच्या पृष्ठभागाकडे चढतात, एवढं सरांना दाखवलं की ती जागा तिची. प्रयोगशाळेला पाचलाच कुलूप लागतं, म्हणून खाऱ्या पाण्याची उंच काचेची नळी बागबाजारच्या बंगाली वस्तीतल्या फ्लॅटमधल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, देवघराशेजारी येऊन बसली होती. आत तिळाहून लहान कोपेपॉड, कोळंबीचे दूरचे नातेवाईक. रोज संध्याकाळी ते वर निघत आणि अर्ध्या वाटेवरून परत तळ गाठत.

"पोट बिघडलं असेल," आई म्हणाली. "खातात काय?"

"वरच्या पाण्यातलं बारीक शेवाळ. उजेडात वर गेले तर मासे त्यांना मटकावतात. म्हणून दिवसभर खाली, जेवण अंधार पडल्यावर."

"म्हणजे रोजचा प्रदोषच की गं!" आईचा चेहरा उजळला. "मग दिवा लागल्याशिवाय उपास सुटेल कसा?" आणि तिने पेटलेली समई नळीच्या आणखी जवळ सरकवली.

कादंबरीने समईकडे पाहिलं, मग नळीकडे. कोपेपॉड खाली चालले होते.

"आई! त्यांना वाटतंय, उजाडलं!"

"म्हणून तिन्हीसांजेला मी देवापुढे अंधार करू?"

"माझी बोट जाईल गं."

"जाऊ दे. दिवा विझवायचा नाही."

त्या रात्री समई नळीशेजारीच तेवत राहिली. सकाळी मात्र आईने बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवले. "उपाशी जीव आहेत म्हणून हो," ती म्हणाली. "तुझ्या बोटीसाठी नाही."

संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून आत समई लागली. बाहेर सर काळोखात चकली चाचपडत होते. कादंबरीने लाल कागद गुंडाळलेली बॅटरी धरली. लाल उजेड त्या प्राण्यांना जवळपास दिसत नाही. तळातून एक पुसट ढग हळूहळू वर येऊ लागला.

"चढतायत!" सर ओरडले, आणि भान विसरून त्यांनी मोबाइलचा पांढरा झोत नळीवर टाकला. ढग सर्रकन खाली.

"बंद करो वो!" बंद दाराशी उभी आई सरांसाठी मोडक्या हिंदीत कडाडली. "खाना खाते टाइम मुँह पे बॅटरी मारता है क्या कोई?"

सरांनी मोबाइल खिशात कोंबला. बोट गेली, कादंबरीच्या मनात आलं.

बऱ्याच वेळाने ढग पुन्हा चढला आणि थेट वर जाऊन पसरला.

"बोटीवर माझी माणसंही हेच करतात," सर कुजबुजले. "जाळं पाण्यात असलं की कोणीतरी दिवा लावतोच. त्यांना दरडावणारं माणूस हवंय. कादंबरी, जागा तुझी. फक्त आईकडून शिकून ये."

"सीखने का क्या है, सर?" आई म्हणाली. "घर में मेरे को ही डाँटती है।"