वाकडा कठडा

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. दचकून बाजूला व्हायचं कारण नाही मित्रांनो, मी जेमतेम वीतभर लांब आहे. मी शिट्टी मारत नाही, धूर सोडत नाही आणि उभ्या आयुष्यात एक इंचही धावलेलो नाही. माझं बरंचसं आयुष्य एका कपाटावर, बंद खोक्यात गेलं. ते का, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

या घरात मी सुट्या भागांच्या रूपात आलो. चाकांचे गाडे, इंधनाची टाकी, छतावरचे पंखे, भोंगे, सगळं करड्या प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेलं होतं. मला आणलं लेकीने, तिच्या निवृत्त वडिलांसाठी. बाबा तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त करणारे फिटर होते. निवृत्तीनंतर ते दिवसभर खिडकीत बसून माश्या मारायचे.

"खरी इंजिनं खोललीत आयुष्यभर, आता हे खेळणं जोडा," लेक म्हणाली.

"खेळणं म्हणे!" बाबा फुरंगटले. पण त्याच संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

पुढचे चार महिने माझी नुसती चंगळ होती. बाबा एकेक भाग कापून काढायचे, कानशीने कडा घासायचे आणि श्वास रोखून डिंकाचा थेंब सोडायचे. पंख्यांच्या जाळ्या बसवायलाच तीन दिवस लागले. खोक्यातला नंबर त्यांनी मला लावला नाही. शेडमधल्या एका जुन्या इंजिनाचा नंबर लावला, एकेक आकड्याचं चिकटचित्र पाण्यात भिजवून. पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळून छतावर काजळी आणली. शेवटी माझ्या कडेने चालायच्या पट्टीलगत पितळी तारेचा कठडा बसवला, आणि चिमट्याने तो मधोमध आत वाकवला.

"इथंच बसला होता दणका, गड्या," ते मला हळूच म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. क्रेनच्या साखळीतून एक अवजड लोखंडी भाग निसटला होता. तो त्यांच्या कामातल्या जोडीदाराच्या, लंबूच्या, डोक्यातच बसायचा. पण आधी त्या इंजिनाच्या कठड्यावर आदळला आणि लंबू वाचला. फोरमन कानीकपाळी ओरडला, तरी त्या दोघांनी तो कठडा कधी सरळ केला नाही. आज करतो, उद्या करतो म्हणून वेळ मारून नेली. घरी मात्र अवाक्षर नाही. त्यांचा दंडकच होता, शेडमधलं शेडमध्ये. जिवावर बेतलेलं घरी कळलं, की घरची माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ देत नाहीत.

पुढे बाबा मोतीबिंदू काढायला दोन दिवस दवाखान्यात गेले. लेक माझ्यावरची धूळ पुसत होती. पुसता पुसता ती थबकली.

"अगं बाई! हा कधी वाकला? माझाच धक्का लागला वाटतं."

लेक दातांच्या कवळ्या बनवायची. तारा वाकवणं तिच्या हातचा मळ. तिने तिची पक्कड आणली आणि कठडा असा सरळ केला, की वाकला होता हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. मी आतल्या आत ओरडत होतो. माझं कोण ऐकणार?

बाबा घरी आले. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी मला हातात घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कोणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला?"

"बाबा, वाकला होता तो. नीटच तर केला!"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण बाबांच्या तोंडाला शेडचं कुलूप होतं, आणि लेकीलाही राग आला. तिने पुन्हा विचारलं नाही. बाबांनी मला खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर ठेवलं.

तिथे मी सात वर्षं होतो, मित्रांनो. खालून दोन ताटांचे आवाज यायचे. "औषध घेतलंत?" "घेतलं." बोलणं एवढंच. त्या घरात आम्ही तीन एकटे जीव राहत होतो, एक वर आणि दोन खाली. मला अपराध्यासारखं वाटायचं. दरम्यान काचबिंदूने बाबांची नजर पार गेली, हेही मला वरूनच ऐकून कळलं.

मग एका दुपारी "वाकून या, डोकं आपटेल!" असं लेक दारात कोणाला तरी म्हणाली. लंबू! बाबा झोपले होते, म्हणून पाहुण्याचं मन रमवायला लेकीने मला खाली काढलं. त्याने मला उजेडात फिरवून पाहिलं.

"नंबर बरोबर आहे पोरी. पण कठडा सरळ कसा?"

"का? कसा असायला हवा?"

लंबूने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं आमचं. पण आता ती शेडच बंद झाली."

त्याचं सांगून होईपर्यंत लेकीचा चहा गार झाला. ती उठली आणि पक्कड घेऊन आली. एकदा सरळ केलेली तार पुन्हा तशीच वाकवली तर तुटते, हे तिला ठाऊक होतं. तिने तार सोडवली, ज्योतीवर तापवली, निवू दिली. मग ती जागेवर लावून पक्कडीने हळूहळू आत वाकवू लागली.

"अजून जरा आत," लंबू म्हणाला. "हां, बास!"

बाबा जागे झाल्यावर तिने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांचं बोट भोंग्यांवरून फिरलं, जाळ्यांवरून फिरलं, कठड्यावरून पुढे सरकलं आणि मधोमध थांबलं.

"लंबू आलाय का?" बाबांनी विचारलं.

लेकीला रडू फुटलं. बाबांनी मला बाजूला ठेवलं आणि चाचपडत तिचा हात धरला.

आता बाबा नाहीत. लेक कामावर गेली की मी खिडकीत दिवसभर एकटा असतो. संध्याकाळी ती येते आणि कठड्याच्या त्या वाकलेल्या जागेवर एकदा बोट फिरवते, तेवढ्यासाठी मी वाट पाहतो.

मित्रांनो, कोणाच्या वस्तूत वाकडं काही दिसलं, तर सरळ करायच्या आधी विचारा. आणि तुमचं काही दुखलं, तर सांगा. मला तोंड नव्हतं, म्हणून मी सात वर्षं गप्प बसलो. तुम्हाला आहे.