सहावीची तुकडी

“बाई, एक विचारू? रागावू नका,” उल्हास म्हणाला. “तुमच्या वृंदाला तुम्ही कुठल्या शाळेत घातलं होतं?”

फरीदाबादच्या त्या गच्चीवर फेब्रुवारीचं ऊन पसरलं होतं. उल्हासची बायको सुहासिनी मटार सोलत होती आणि बोलता बोलता हेमलताबाईंनीही शेंगा हातात घेतल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

साल त्र्याण्णव. जुन्या दिल्लीकडच्या एका मराठी शाळेत बाई सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. उल्हास तिथूनच शिकून दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयात कारकून झाला होता. त्याची मुलगी वीणा आता तिथेच पाचवीत होती आणि रोज सकाळी बापाबरोबर शटल ट्रेनने दिल्लीला यायची. शेजारच्या दोन मुलीही त्यांच्या सोबतीने येत. एप्रिलपासून वीणाला घराजवळच्या इंग्रजी शाळेत घालायचं उल्हासने ठरवलं होतं. ती गेली की त्या दोघीही जाणार होत्या. शिक्षण खात्याचं पत्र येऊन पडलं होतं: नव्या वर्षी सहावीत पंधरा मुलं नसतील तर तुकडीचं अनुदान बंद. म्हणून बाई दर रविवारी पालकांची दारं ठोठावत फिरत होत्या.

“वृंदा इंग्रजी शाळेत शिकली,” बाई म्हणाल्या. “करोल बागेतल्या. ह्यांची बदलीची नोकरी होती, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण बदली कधी झालीच नाही. मला भीती वाटली होती, एवढंच.”

उल्हासने मान खाली घातली. हे विचारायला नको होतं, असं त्याला वाटलं असावं. “आमचंही तेच आहे, बाई,” तो हळूच म्हणाला. “शाळेवर राग नाही. मी तिथलाच ना. पण तीन वर्षं झाली, सायन्सला टीचर नाही. मी हेडसरांना विचारलं, तर म्हणाले, मुलं कमी म्हणून खातं जागा भरत नाही. आता जागा भरत नाहीत म्हणून मुलं कमी. यात माझ्या मुलीने किती वर्षं थांबायचं?”

कोपऱ्यात वीणा उन्हात पुस्तक घेऊन बसली होती आणि वाचत नव्हती.

“तुला काय वाटतं ग?” बाईंनी विचारलं.

वीणाने आईकडे पाहिलं. “मला जायचंय,” ती म्हणाली. “पण नव्या शाळेची टेस्ट आहे. मॅथ्सचा पेपर इंग्लिशमध्ये असतो. मला नाही जमणार.”

“गणित तिला येतं हो,” सुहासिनी म्हणाली. “शब्दच माहीत नाहीत. ट्यूशनवाले म्हणतात, महिन्याभरात बिल्कुल होणार नाही.”

बाईंनी उरलेल्या शेंगा सोलल्या, चहा घेतला, निरोप घेतला. जिन्याच्या चार पायऱ्या उतरून त्या वळल्या.

“शाळा सुटली की माझ्याकडे पाठव तिला. तू ऑफिस सुटल्यावर घेऊन जा.”

उल्हासला आधी कळेना. मग तो म्हणाला, “बाई, पण तुमची तुकडी...”

“टेस्ट मार्चच्या शेवटी ना? मग उद्यापासूनच पाठव.”

बाईंचं घर पहाडगंजच्या एका गल्लीत होतं, दोन हॉटेलांच्या पाट्यांमागे दडलेलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, वृंदा बंगलोरला. दुपारी दोनला वीणा यायची. बाई तिला गरम भात वाढायच्या आणि मग दोघी जमिनीवर वह्या पसरून बसायच्या.

पहिल्याच दिवशी अडचण ध्यानात आली. इंग्रजी शब्द बाईंनाही धड येत नव्हते. त्यांनी दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून एक जुनं पुस्तक आणलं आणि पहाटे उठून त्या स्वतः पाठ करू लागल्या. अंश म्हणजे न्यूमरेटर. छेद म्हणजे डिनॉमिनेटर. कधी वीणाच त्यांचा उच्चार सुधारायची आणि लाजायची.

“लाजतेस काय,” बाई म्हणायच्या. “बरोबर असलं की मोठ्याने सांगावं.”

वीणाची मान तेव्हापासून जरा वर राहू लागली.

ही गोष्ट मुख्याध्यापक गुणवंतरावांच्या कानावर गेलीच. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“हेमलताबाई, मी खात्यात दहा चकरा मारल्या. एकेका मुलासाठी हात जोडतोय. आणि तुम्ही आपल्याच शाळेतली मुलगी शिकवून दुसऱ्या शाळेला देताय?”

“हो सर.”

“तुकडी गेली तर पहिली जागा तुमची जाईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. कुठेही टाकतील.”

“माहीत आहे.” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या वेळी मी शाळेचा विचार केला नाही, सर. आता दुसऱ्याच्या मुलीला शाळेसाठी थांब कसं म्हणू?”

गुणवंतराव रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. “माझी दोन्ही मुलंही इंग्रजी शाळेतच शिकली,” ते शेवटी म्हणाले आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं.

वीणा पास झाली. निकालाच्या दिवशी उल्हास तिला घेऊन आला, पेढे ठेवले, वाकून नमस्कार केला. वीणा मात्र बाईंच्या पदराशी घुटमळली.

“आता सहावी बंद होणार ना? माझ्यामुळे?”

“नाही ग.” बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. “शाळा चालू ठेवायचं काम मोठ्या माणसांचं. आम्हाला ते जमलं नाही. तू फक्त गणित सोडू नकोस.”

एप्रिलमध्ये सहावीला बाराच मुलं आली. तुकडी बंद झाली आणि ती बाराही इतर शाळांत वाटली गेली. मे महिन्यात बाईंना यमुनेपलीकडच्या एका हिंदी सरकारी शाळेत पाठवल्याचा हुकूम निघाला. निरोपाला गुणवंतराव दोन वाक्यं बोलून खाली बसले. बाईंनी आपल्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बस पकडली.

नव्या शाळेत दोन बस बदलून जावं लागे. पत्र्याच्या छपराखाली, तरटाच्या पट्ट्यांवर, सहावीच्या एका वर्गात एकाहत्तर मुली बसल्या होत्या. गणिताला वर्षभर शिक्षकच नव्हता म्हणे. बाई आत आल्या तेव्हा सगळ्या एकदम उठल्या आणि बसायला सांगितल्यावर जागेसाठी ढकलाढकली झाली.

बाईंनी हजेरीपट उघडला. नाव घ्यायच्या, मुलगी उभी राहिली की तिच्याकडे नीट पाहायच्या. “कहाँ रहती हो?” विचारायच्या, उत्तर ऐकून घ्यायच्या, मग पुढचं नाव. मागच्या मुलींनी आधी खिदळून घेतलं, नंतर त्या आपली पाळी कधी येते याची वाट पाहू लागल्या.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा चव्वेचाळिसावी मुलगी उभी होती. पुढच्या तासाला कुणी येणार नव्हतं. ती बसायला लागली तशी बाईंनी हाताने तिला थांबवलं आणि विचारलं, “हाँ बेटा, कहाँ रहती हो?”