उभी ठेवलेली बाटली

माघातली उन्हं मिरजेच्या कौलांवरून उतरत होती. केशरी, कृश, परतीच्या वाटेला लागलेली. त्या उन्हात अनंतराव सोवनींना रोज एका पत्राची आठवण येई. चार वर्षांपूर्वी आलेल्या, उत्तर न दिलेल्या पत्राची.

पत्र रंगनाथ मोगलचं होतं, दिंडोरीच्या मळ्यातून. सोबत एक बाटली. ‘अनंता, माझ्या ग्रेनाश द्राक्षाच्या वेलींनी पस्तिशी ओलांडली. त्यांची वाइन, थोडी शिराझ मिसळून, प्रथमच वेगळी भरलीय. बाटलीवरची चिठ्ठी कोरी ठेवलीय. दोन ओळी तू पाठव. दुसऱ्या कुणाच्या छापणार नाही.’

दोन ओळी! जन्मभर ग्रंथालयात इतरांच्या शब्दांवरची धूळ पुसणाऱ्याकडे दोन ओळी!

कॉलेजात दोघांची कवितांची वही एक. डावं पान अनंताचं, उजवं रंगाचं. डावं खोडाखोडीनं काळवंडलेलं. उजवं चांदण्यासारखं निर्मळ, निर्व्रण. आणि एके दिवशी रंगानं लेखणी ठेवून कुदळ उचलली. ज्या दानासाठी अनंता ओंजळ पसरून बसला होता, ते त्यानं सहज भिरकावलं. तेव्हापासून अनंतरावांच्या काळजात मत्सर मुरत होता. गर्द, कडवट, बूच न उघडलेला.

बाटली त्यांनी कपाटात ठेवली, दोन शब्दकोशांच्या मधे, ताठ उभी. नाव नसलेल्या ग्रंथासारखी.

त्या संध्याकाळी रंगनाथची मुलगी वृंदा आली. तासगावच्या बागाईतदारांकडे काम होतं. वाट वाकडी करून आली. कपाटाकडे नजर जाताच तिनं कपाळावर हात मारला.

“काका, उभी? पुस्तक आहे का ती? आडवी ठेवतात! बूच वाळलं असणार. वाइन गेली असली तर बाबांना काय सांगू?”

“आडवं ठेवलं की कणा मोडतो,” अनंतराव पुटपुटले.

“पुस्तकाचा, काका. पुस्तकाचा.”

उघडताना बुचाचा भुगा झाला. वृंदानं चहाच्या गाळणीतून वाइन गाळली, कोकम सरबताच्या दोन पेल्यांत ओतली. आणि अनंतरावांच्या मनाच्या तळातून एक काळी इच्छा वर आली: नासलेली निघू दे. एकदा तरी रंगाचं पान खराब निघू दे.

पेला त्यांनी उन्हाकडे धरला. मधोमध माणकाचा अंधार, कडेला भाजल्या विटेची झाक. वास आला तो सुकत घातलेल्या अंजिरांचा, ठेचलेल्या मिरीचा, दुपारभर तापलेल्या मुरमाचा. आणि सर्वांत शेवटी, अगदी दबक्या पावलांनी, चामडी बांधणीच्या जुन्या ग्रंथाचा.

त्यांनी घोट घेतला.

आधी ऊब. मग गोडव्याचा भास, मग तुरट, गंभीर, संथ असं काही जिभेवर पसरत गेलं, पसरत गेलं, आणि गिळल्यावरही गेलं नाही. किंचित थकलेली होती ती, चार वर्षं उभी राहून थकलेली. पण जिवंत होती. नितळ होती. तेच ते उजवं पान! एकही शब्द न लिहिता रंगानं पुन्हा कविता केली होती. अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते सारं काही कौतुकाचं नव्हतं.

“चिठ्ठ्या अजून कोऱ्याच लागतात,” वृंदा म्हणाली. “गिऱ्हाईक विचारतं, नाव काय हिचं? बाबा म्हणतात, कवी आळशी आहे, थांबा.”

अनंतराव हसले नाहीत.

“त्या वेलींना आता घड कमी लागतात, काका, पण रस दाट उतरतो. लोक म्हणतात, उपटा, नव्या लावा. बाबा ऐकत नाहीत. पण या वेळी फळासाठीच्या गोडी छाटणीला चार वेलींतच दमले. कात्री पहिल्यांदाच माझ्याकडे दिली.” ती पेल्यात पाहत राहिली. “बाबा बांधावर बसून राहिले.”

अनंतराव उठले. कागद घेतला. एक अलंकृत ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. डावं पान पुन्हा काळवंडू लागलं. मग त्यांनी दुसरा घोट घेतला आणि नवा कागद ओढला.

‘रंगा, तुझा हेवा वाटत होता म्हणून उत्तर दिलं नाही. अजून वाटतो. आज तुझी बाटली नासलेली निघावी असं मनात आलं. निघाली नाही. ओळी घे:

फळं थोडी उरली, तेव्हा वेल म्हणाली,
आता मला सगळं देता येईल.’

“द्या, मी नेते,” वृंदा म्हणाली. “उद्या पोचेन घरी.”

“नको. त्यानं टपालानं मागितलंय.”

कोपऱ्यावर टपालपेटी उभी होती, मावळतीत अधिकच लाल. अनंतरावांनी पत्र आत सरकवलं, क्षणभर धरून ठेवलं, सोडलं. पिकला द्राक्षाचा मणी देठावरून सुटावा तसा हलका आवाज झाला. ऊन कौलांवरून उतरलं, भिंतीवरून उतरलं, पेटीवरून उतरलं. आणि त्यांच्या जिभेवर ती म्हातारी वेल अजून रेंगाळत होती, तुरट, उबदार, संथ.